डोंगरावरची नऊ खळी

गोल्फची काठी आयुष्यात एकदाही हातात न धरता त्या खेळातले सगळे काही कळलेला माणूस या पृथ्वीवर एकच होऊन गेला, आणि तो माझा घरमालक होता. हे विधान मी विचारपूर्वक करतो आहे. मी बी.ए. आहे, आमच्या घराण्यातला पहिला, आणि पुरावा असल्याशिवाय मोठे विधान करू नये हे बार्शीच्या शाळेत गुरुजींनी मला छडी दाखवून शिकवले आहे. तेव्हा पुरावा पुढे देतोच.

मी पिंपरीला नोकरीला लागलो तेव्हा तिथे कारखान्यांपेक्षा बाभळी जास्त होत्या. आमची कंपनी विलायती होती. तिचा बडा साहेब उंच, किडकिडीत आणि इतका भिडस्त, की शिपायाकडे पाणी मागायचे तर आधी त्याच्या प्रकृतीची चौकशी करायचा. या साहेबाने चिखलीच्या पुढे, इंद्रायणीच्या पलीकडे, चाकणच्या वाटेवरच्या वाघजाईच्या डोंगरावर कंपनीच्या लोकांसाठी गोल्फचे खाजगी मैदान केले होते. डोंगर सरकारी गायरान. कंपनीने तो कराराने घेतलेला. आठवडाभर मी कचेरीत टपाल पाहायचो आणि शनिवार-रविवार या मैदानाचा सेक्रेटरी व्हायचो. सेक्रेटरी हा शब्द मी वडिलांना लिहिलेल्या पत्रात तीन वेळा घातला. वडील दुसऱ्याच्या अडतीत पोती शिवायचे. त्यांनी ते पत्र कुणाकडून तरी वाचून घेतले आणि पेठेतल्या प्रत्येक दुकानात नेऊन दाखवले. खरे सांगायचे तर गोल्फ घोड्यावर बसून खेळतात अशी तोवर माझी समजूत होती, आणि एवढे घोडे डोंगरावर कसे चढवतात याचीच मला काळजी लागली होती.

राहायला जागा हवी होती. डोंगराच्या पायथ्याला पंधरा-वीस घरांची वाडी होती. तिथे मी पत्र्याची ट्रंक सायकलला बांधून गेलो, तेव्हा पहिल्याच घराच्या ओसरीवर साठीचे एक गृहस्थ दोरखंड वळत बसले होते. काळे, काटक, पांढऱ्या मिशा आणि डोक्याला त्याहून पांढरे पागोटे. हेच माझे घरमालक. सगळी वाडी त्यांना आबा म्हणायची, कंपनीने त्यांना डोंगराचे राखणदार नेमले होते आणि बडा साहेब त्यांना 'आबासाब' म्हणायचा. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतले.

"काय शिकलायसा?"

"बी.ए."

"किती वर्सं लागली?"

"शाळेची अकरा आणि कॉलेजची चार."

"पंधरा वर्सं!" ते घरात तोंड करून ओरडले, "आगं ऐकलंस का? पंधरा वर्सं! आपला खिलारी तीन वर्सांत औताला लागला." मग माझ्याकडे वळून अगदी मायेने म्हणाले, "ऱ्हावा. शिकल्यालं मानूस घरात बरं. पन एक हाय. दर आयतवारी साहेब लोकांचं आकडं मला वाचून दावायचं."

त्या दिवसापासून माझे नाव पुसले गेले. वाडीत, डोंगरावर आणि पुढे कचेरीतसुद्धा मी नुसता 'बीए' झालो.

आता त्या मैदानाविषयी सांगितले पाहिजे. वाडी डोंगराच्या आडोशाला होती. तिथे वारा म्हणून येत नसे, आणि वारा नसेल तर धान्य उपणणार कसे? म्हणून लोक बाजरी, वरई, नाचणीचे भारे डोक्यावर घेऊन वरच्या सपाटीवर जात आणि तिथे मळणी करत. त्या सपाटीवर पिढ्यान्‌पिढ्यांची तीन खळी होती. चोपून चोपून दगडासारखी केलेली, शेणाने सारवलेली, ताटलीसारखी गोल. मध्यभागी बैल बांधायचा खांब, म्हणजे तिवडा. बडा साहेब पहिल्यांदा शिकारीच्या निमित्ताने डोंगरावर चढला आणि ही तीन खळी पाहून जागच्या जागी थांबला. विलायतेत गोल्फचा चेंडू ज्या हिरवळीवरच्या भोकात घालतात, ती हिरवळ त्याला इथे तयार मिळाली होती. फक्त ती हिरवी नव्हती. नऊ भोकांच्या खेळाला अशा आणखी सहा जागा हव्या होत्या. त्यांसाठी वाळू आणि तेल मिसळून घालायचा त्याचा बेत होता. घरमालकांनी मूठभर वाळू उचलून हवेत सोडली. ती कुठे गेली ते दिसले नाही. "चाकणला ग्येली," ते म्हणाले. मग त्यांनी स्वतः सहा नवी खळी केली, कारण सपाट गोल जमीन करायची एकच रीत त्यांना ठाऊक होती. जमीन खणली, पाणी पाजले, बैल फिरवले, चोपण्याने चोपली, सारवली आणि मधोमध तिवड्याच्या जागी साहेबाचे निशाण रोवले. निशाणाच्या दांडीला ते शेवटपर्यंत तिवडाच म्हणत राहिले.

हे मैदान जितके सुंदर तितकेच खेळणाऱ्याला रडवणारे होते. पहिल्या खळ्याकडे मारायचे ते नाकासमोरच्या चढावर; नेम धरताना खेळणाऱ्याची टोपी मागे पडायची. तिसरे खळे बोरीच्या जाळीमागे लपलेले. पाचव्याला इतका उतार, की टोला मारून लोक चेंडूच्या आधी खाली पोचायचे. आणि खळी दगडासारखी कडक, त्यामुळे चेंडू थेट त्यांच्यावर टाकला की तो टणकन उडून पलीकडच्या कड्यावरून गायब. तो अलीकडच्या गवतात टाकून टप्प्याने आत सरकवावा लागे. सातवे तर या सगळ्यांचा बाप होते. इकडच्या कड्यावर उभे राहायचे आणि दीडशे यार्ड रुंद घळ ओलांडून पलीकडच्या सोंडेवरच्या खळ्यावर मारायचे. मध्ये नुसती हवा. खाली करवंदीचे रान आणि त्यात वाघजाईचे ठाणे. त्या कड्यावर उभे राहिले की इंद्रायणीची वळणे उन्हात चमकताना दिसत, कांद्याच्या वाफ्यांचे हिरवे तुकडे, चाकणच्या किल्ल्याचा मातकट कोट, बैलगाड्यांनी उडवलेली धुळीची रेघ, आणि पश्चिमेला एकामागे एक विरत गेलेले सह्याद्रीचे डोंगर, शेवटचा तर आहे की नाही असा. घारी आपल्या पायांखाली उडायच्या. घारीची पाठ मी आयुष्यात प्रथम तिथे पाहिली.

घरमालकांचे या कड्यावर एक काम असे. ते पुढे येऊन उभे राहत, पलीकडचे कुसळी गवत कोणत्या अंगाला लवले आहे ते पाहत आणि हात वर करत. "थांबा. वारं हाय." साहेब काठी उगारून थांबे. मग हात खाली. "हां, आता." ज्याने ऐकले त्याचा चेंडू निदान पलीकडे पोचे. बड्या साहेबाला मराठीतला एकच शब्द येत असे, तो म्हणजे 'थांबा'. आणि तो त्याचा उच्चार एखाद्या मंत्रासारखा करायचा. घळीत पडलेले चेंडू घरमालक शोधून देत, पण वाघजाईच्या रानात पडलेला चेंडू कधीही परत आणत नसत. तो देवीचा. देवीच्या शेंदरी दगडी तांदळ्यापुढे पांढऱ्या चेंडूंची रास लागलेली होती आणि नवसाला आलेल्या बायका तिला हळदकुंकू वाहत. एकदा एका इंजिनियरसाहेबाने हुज्जत घातली, की चेंडू विलायतेहून मागवलेला आहे. घरमालक म्हणाले, "बीए, त्यास्नी म्हनावं, देवीबी मागवल्याबिगर घेत न्हाई."

रविवारी खेळ आटोपला की ओसरीवर माझे वाचन. मी आकड्यांची कार्डे घेऊन बसायचो, ते तंबाखू मळत ऐकायचे आणि काकी, म्हणजे त्यांच्या घरातल्या, आतून चुलीपुढून आपले मत द्यायच्या. या आकड्यांवरून घरमालक माणसे ओळखत. "चवथ्यावर नऊ? त्यो मानूस घाईचा. जेवताना ठसका लागत असंल." पुढे मी खरेच पाहिले, तर त्या साहेबाला ठसका लागायचा. एका हिशेबनिसाचा चेंडू नेहमी डावीकडे वळे. "घरात बायकूम्होरं बोलत न्हाई त्यो. मान तिकडंच वळत्या." यावर आतून काकी, "मग तुमी खेळला असता तर चेंडू सरळ म्होरं ग्येला असता जनू!" एकदा मी विचारले, आबा, एवढे कळते तर एकदा काठी हातात धरून का पाहत नाही? बडा साहेब तर त्यांना आपली काठी द्यायला तयार होता. ते म्हणाले, "काठी धरली का मानूस चेंडूकडं बघतंय. मला डोंगराकडं बघायचंय. राखनदाराला येका टायमाला येकच काम जमतं."

खेळाचा हंगाम सुरू करायचा अधिकारही त्यांचाच. दिवाळी झाली की साहेब लोक काठ्या पुसून बसत, पण वाडीची शेवटची बाजरी मळून झाल्याखेरीज पहिल्या तीन खळ्यांवर निशाण लागायचे नाही. एका वर्षी पाऊस लांबला आणि मळणी मार्गशीर्षात गेली. बडा साहेब रोज मला विचारी, "बाजरी कशी आहे?" आवाजात इतकी कळकळ असे, की बाजरी आजारी आहे असे वाटावे.

पण खरी गोष्ट जोड्यांची. खळ्यावर पायात जोडे घालून कुणी चढायचे नाही, ही आमच्या सगळ्या मुलखाची रीत. तिथे धान्याची रास पडते, लक्ष्मी असते. घरमालकांनी पहिल्याच दिवशी बड्या साहेबाला खळ्याच्या कडेला अडवले आणि त्याच्या बुटांकडे बोट दाखवले. साहेबाने खाली पाहिले. गोल्फच्या बुटांना खालून खिळे असतात. साहेबाला वाटले, खिळ्यांनी सारवण उखडते म्हणून हा म्हातारा अडवतो आहे. त्याला ते शंभर टक्के पटले आणि तो दगडावर बसून बूट सोडू लागला. घरमालकांना वाटले, साहेबाला लक्ष्मी कळली. असे ते दोघे पाच वर्षे एकमेकांवर बेहद्द खूष होते. कंपनीचे झाडून सगळे अधिकारी नऊ वेळा बूट काढत आणि नऊ वेळा घालत. कडेला बसायला घरमालकांनी दगड मांडून ठेवले होते. मी सेक्रेटरी म्हणून आलो आणि मला दोन्ही बाजू कळल्या, पण मी गप्प राहिलो. बी.ए.चा मी केलेला तेवढाच चांगला उपयोग.

मग एका थंडीत कलकत्त्याच्या मुख्य कचेरीतला सगळ्यात मोठा साहेब येणार असल्याचे पत्र आले. बड्या साहेबाने मला बोलावले. त्याने आधी माझ्या प्रकृतीची चौकशी केली, मग माझ्या आईची, मग माझ्या सायकलची. सायकलपाशी आला तेव्हाच मी ओळखले, की काहीतरी वाईट आहे. पाहुणा फार तापट, असे तो म्हणाला. त्याला वाकायला त्रास होतो आणि तो कुणासाठी बूट काढणार नाही. आबासाबनी त्याला अडवले, तर आबासाबना डोंगरावरून काढायचा हुकूम येईल, वाडीची मळणीही वर होऊ देणार नाहीत, आणि ते आपल्याला थांबवता येणार नाही. "तुम्ही त्यांना सांगा," तो माझ्याकडे न पाहता म्हणाला. "तुमचे ते ऐकतील."

त्यांचे सगळे ऐकत, हे मला माहीत होते. त्यांनी कुणाचे ऐकल्याचे मी पाहिले नव्हते. ज्या घराने मला भाकरीबरोबर पहिल्या दिवसापासून दुधाची वाटी दिली, माझ्या तापात ज्या माणसाने पाठीवर घालून मला चाकणच्या डॉक्टरकडे नेले, त्याला मी हे सांगायचे होते. शनिवारी संध्याकाळी ओसरीवर बसून मी सांगितले. इंग्रजीत ऐकले त्याहून मराठीत ते फारच उघडे वाटले.

घरमालक बराच वेळ तंबाखू मळत राहिले.

"म्हंजे पावन्याच्या पायात जोडं ऱ्हानार."

"हो आबा."

"आन् मी काढा म्हनलो, तर मी डोंगराखाली. आन् गावाची खळीबी."

"हो."

"मी अडवलं तर तुमच्या नोकरीचं काय व्हईल?"

"माझं काही व्हायचं नाही," मी म्हणालो. मला खोटे बोलता येत नाही; माझा आवाज चढला.

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि हात झटकले. "बरं. पावन्याला येक सबुद बोलनार न्हाई. जोडं घालून येऊ द्या. पन मग मला लई काम हाय."

हे इतके सहज झाले, की मला वाईट वाटले. भांडले असते तर बरे, असे वाटत मी आडवा झालो. पहाटे उठलो तर घरमालक नव्हते.

"कुठं गेले?"

"वर ग्येल्यात," काकी भाकरी थापत म्हणाल्या. "नऊ नारळ न्हेल्यात. आन् पहार."

नुसते नारळ नेले असते तर मी निर्धास्त राहिलो असतो. नुसती पहार नेली असती तरी समजले असते. दोन्ही एकदम म्हटल्यावर मी चपला न घालता डोंगर चढू लागलो.

मी पोचलो तोवर साहेब लोक दुसऱ्या वाटेने जीपमधून वर आले होते. कलकत्त्याचा पाहुणा खरोखरच भव्य होता. चेहरा लाल, मान नाहीच, आणि बुटांचे तळ खिळ्यांनी भरलेले. तो पहिल्या टोल्यासाठी चढाकडे तोंड करून उभा होता आणि विचारत होता, "निशाण कुठे आहे?" बडा साहेब दुर्बिणीतून पाहत होता. निशाण नव्हते. दुसऱ्याचे नव्हते. तिसऱ्याचे नव्हते. डोंगरभर एकही निशाण नव्हते. तेवढ्यात वरून घरमालक उतरत आले. अंगावर धुतलेला सदरा, कपाळाला गुलाल, खांद्यावर पहार.

"आबा, निशाणं कुठं आहेत?" मी ओरडलो.

"वाघजाईम्होरं ठिवल्यात. नऊच्या नऊ."

"का?"

ते माझ्याकडे असे पाहू लागले, जणू माझी पंधरा वर्षे फुकट गेली. "तुमीच न्हाई का सांगितलं पावना जोडं घालून येनार म्हनून? खळ्यात जोडं कसं चालतील? म्हनून खळी मोडली. नारळ फोडला, तिवडा काढला, भोकं बुजवली. तिवडा काढला का खळं न्हाई, नुसती जमीन. आता जोडं घालून फिरा म्हनावं, बैल घिऊन फिरा. मी आडवतोय कशाला?"

त्यांनी हुकूम अक्षरशः पाळला होता. पाहुण्याचा अपमान होऊ नये आणि लक्ष्मीचाही होऊ नये, याला त्यांच्यापुढे एकच रस्ता होता, आणि त्यासाठी हा साठीचा माणूस पहाटेपासून नऊ खळी चढून-उतरून आला होता. फक्त आता गोल्फ खेळायला काही उरले नव्हते.

"काय म्हणतो आहे तो?" पाहुण्याने मला विचारले. बड्या साहेबाने डोळे मिटून घेतले.

मी भाषांतर केले. बार्शीत शिकलेले सगळे इंग्रजी मी त्या दिवशी पणाला लावले. तिवड्याला इंग्रजीत काय म्हणतात हे मला आजही माहीत नाही. मी 'धान्याचा खांब' असे काहीसे म्हणालो. राशीचे सांगितले, लक्ष्मीचे सांगितले. आणि ते सांगताना बड्या साहेबालाही पाच वर्षांनी प्रथमच कळले, की प्रश्न खिळ्यांचा नव्हता. त्याने डोळे उघडले आणि घरमालकांकडे नव्यानेच पाहिले.

पाहुण्याने हातातली काठी जमिनीवर टेकवली. मग त्याने विचारले, "म्हणजे आज काहीच खेळता येणार नाही?"

"खळं नव्यानं कराया दोन दीस लागतील," घरमालक म्हणाले. मग त्यांनाच त्याची दया आली असावी. "लांबनं आलाय बिचारा. सातव्यावर चला म्हनावं. तिथं तिवडा म्हनून मी हुबा ऱ्हातो. येक टोला मारू द्या, आन् डोंगर तरी बघू द्या."

"माणसावर मी चेंडू मारू?" पाहुणा दचकून म्हणाला.

"त्यास्नी सांगा," घरमालक चालू लागत म्हणाले, "नेम बराबर माझ्यावर धरा. पाच वर्सं बगतोय. ज्याच्यावर नेम धरत्यात तिथं चेंडू कंदीच जात न्हाई."

घळ उतरून पलीकडे चढायला त्यांना बराच वेळ लागला. तेवढा वेळ पाहुणा कड्यावरच्या दगडावर बसून राहिला. आधी त्याने घड्याळ पाहिले. मग नदी पाहिली. मग एक घार त्याच्या बुटांखालून सरकत गेली आणि तो पुढे वाकून तिच्याकडे पाहत राहिला. त्यानंतर त्याने घड्याळ पाहिले नाही.

पलीकडे पागोटे दिसू लागले. घरमालक खळ्याच्या मधोमध, तिवड्याच्या जागी, अनवाणी, हात अंगाला चिकटवून उभे राहिले. पाहुण्याने काठी उगारली. पलीकडून हात वर झाला.

"थांबा!" बडा साहेब मराठीत ओरडला.

कलकत्त्याच्या मुख्य कचेरीतला माणूस काठी उगारून थांबला. पलीकडचे गवत लवले होते. ते सरळ झाले. हात खाली आला. टोला बसला. चेंडू निळ्या आभाळात इतका वर गेला, की मला दिसेनासा झाला. मग खळ्याच्या अलीकडे गवतात पडला, टप्पा घेऊन आत आला आणि घरंगळत घरमालकांच्या पायांपासून दोन हातांवर थांबला. ते जागचे हलले नाहीत.

आम्ही घळ उतरून चढून तिथे पोचलो. खळ्याच्या कडेला बडा साहेब सवयीने दगडावर बसला आणि बूट सोडू लागला. पाहुणा कडेशी उभा. मी घरमालकांकडे पाहिले. त्यांनी दिलेला शब्द ते पाळत होते. ते बुटांकडे पाहतच नव्हते. इंद्रायणीकडे पाहत होते. पण मधोमध तिवडा उभा होता आणि जमिनीचे पुन्हा खळे झाले होते, हे मला कळत होते. पाहुण्याला कळले की नाही, माहीत नाही. त्याने त्या सारवलेल्या गोलाकडे पाहिले, त्या अनवाणी पायांकडे पाहिले, मग तोंडाने हुंकारासारखा आवाज केला आणि तो दुसऱ्या दगडावर बसला. त्याचा हात नाडीपर्यंत पोचेना.

"म्या सोडलं असतं," घरमालक मान न वळवता म्हणाले, "पन तिवडा हलत न्हाई. बीए, तुमी सोडा."

मी नाड्या सोडल्या. डाव्या मोज्याला भोक होते आणि त्यातून कलकत्त्याचा अंगठा बाहेर आला होता. पाहुण्याने मोजेही काढले आणि हळूहळू, थंड सारवणावर पावले जपून टाकत आत गेला. भोक बुजवलेले होते. तेव्हा चेंडू घरमालकांच्या पायाच्या अंगठ्याला लागला की खेळ पुरा, असे ठरले. तो लागला. "दोन," मी कार्डावर लिहिले. बाकीची आठ घरे कोरी होती. पाहुण्याने खाली सही केली आणि ते कार्ड स्वतः घरमालकांच्या हातात दिले. जाताना बड्या साहेबाला तो एकच वाक्य बोलला, "हा माणूस इथेच राहील."

संध्याकाळी घरमालक काकींना सांगत होते, "येवढा मोठा साहेब, पन मोज्याला भोक. मानूस चांगला हाय." कार्ड त्यांनी देव्हाऱ्यात ठेवले.

पुढे दोन हंगाम तो खेळ चालला. मग बडा साहेब मायदेशी गेला. निघताना त्याने घरमालकांची इतकी चौकशी केली, की दोघांनाही निघवेना. नव्या साहेबाला डोंगर चढायची हौस नव्हती. करार संपला, निशाणे गोळा झाली, आणि मला बढती मिळून मुंबईच्या कचेरीत जावे लागले. कंपनी डोंगर सोडून गेली, पण घरमालकांना डोंगर सोडायला कुणी सांगितले नाही. वाडीची तीन खळी पूर्वीसारखी चालू राहिली. उरलेल्या सहांवर पीक नव्हते, खेळ नव्हता, तरी दर दिवाळीनंतर ते एकटे वर जाऊन ती सारवून यायचे, असे काकींनी एका पत्रात लिहवून घेतले होते.

नंतर एकदा मी गेलो तो योगायोगाने रविवारच होता. घरमालक त्याच ओसरीवर होते. मोतीबिंदूने दोन्ही डोळे गेले होते, पण सायकल नसतानाही त्यांनी मला पावलांवरून ओळखले.

"बीए, आयतवार न्हवं आज? वाचा."

काकींनी देव्हाऱ्यातून कार्ड आणून माझ्या हातात दिले. हळदीने पिवळे झालेले. त्यावर एकच आकडा होता आणि एक सही. मी काकींकडे पाहिले. त्यांनी नुसती मान हलवली.

"पयल्यावर?" घरमालकांनी विचारले.

"पाच," मी म्हणालो.

"वारं व्हतं?"

"पश्चिमेचं होतं."

"मग पाच बरं. दुसऱ्यावर?"

"सहा."

तिसऱ्याला बोरीत अडकल्याचे सांगितले, तेव्हा ते हसले. असे एकेक करून आम्ही सगळा डोंगर चढलो. त्या दिवशी आठ आकडे मी पुराव्याशिवाय वाचले, आणि माझ्या गुरुजींनी मला क्षमा केली असती अशी माझी खात्री आहे. फक्त सातव्याला मला काही रचावे लागले नाही.

"सातव्यावर?"

"दोन."

 दृष्टी गेलेला तो चेहरा बरोबर त्या सोंडेच्या दिशेला वळला.

"तिवडा हलला का वो?"

"नाही आबा," मी म्हणालो. "जरासुद्धा हलला नाही."